होमरमधली साधी माणसं वाचताना या चुका टाळा

सारांश वाचून इलियडवर, म्हणजे होमरच्या ट्रॉय-युद्धावरच्या ग्रीक महाकाव्यावर, बोलायला उभे राहणारे लोक मला लांबूनच ओळखू येतात. पहिलं वाक्य ठरलेलं: "थर्सायटीस म्हणजे जनतेचा आवाज!"

हा दिवा मीही लावलाय. वाचनकट्ट्यावर तावातावाने सांगत होतो की दुसऱ्या सर्गात हा फाटका माणूस ग्रीकांच्या सरसेनापतीला, अगामेम्नॉनला, भर सभेत सुनावतो, निवडक बायका तुला, लूट तुला, चला रे घरी. इथाकाचा राजा ओडिसियस पाठीत राजदंड हाणतो, वळ उठतो, हा डोळे पुसतो. मागून एका आजींनी विचारलं, "मग बाकीचे शिपाई हसतात का हो?" मी गप्प. ती ओळ मी वाचलीच नव्हती. थोड्याच वेळापूर्वी घरी जायला जहाजांकडे धावलेले हेच सैनिक त्याला हसतात, वर म्हणतात, ओडिसियसने आजवर केलेलं हे सर्वांत झकास काम! आणि थर्सायटीसची तक्रार तरी काय? पहिल्या सर्गात ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीस याने केली तीच. याला मात्र कवी बापाचं नावसुद्धा देत नाही. तेव्हापासून कोणी बोललं की मी आधी ऐकणारे काय करतात ते बघतो.

दुसरी चूक, उपमा आली की पान उलटणं. लढाई पुढे सरकायची घाई! अहो, साधी माणसं तिथेच तर सापडतात. बाराव्या सर्गात दोन्ही सैन्यं तुल्यबळ आहेत हे सांगायला कवी एक कष्टकरी बाई आणतो. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात लोकर, ती तराजू समतोल करतेय, पोरांसाठी तुटपुंजी मजुरी मिळावी म्हणून. तीनच ओळी. मी अशा जागांना पेन्सिलीने खूण करतो आणि नंतर नुसत्या त्याच वाचतो.

आता ओडिसी, म्हणजे ओडिसियसच्या घरी परतण्याचं होमरचं दुसरं महाकाव्य. तिथल्या युमेअसला जन्माचा गुलाम म्हणू नका. डुकरं राखणारा हा माणूस राजाचा मुलगा, लहानपणी फिनिशियन व्यापाऱ्यांनी पळवून विकलेला.

ओडिसियसच्या बायकोला मागणी घालणारे त्याच्या घरात उच्छाद मांडतात, तरी इथाकाच्या सभेत लोक गप्प बसतात, म्हणून तो सर्ग चाळू नका. ओडिसियसचा जुना मित्र मेंटॉर त्यांना त्याच गप्प बसण्यावरून झापतो.

आणि ओडिसीचा विसावा सर्ग तरी सावकाश वाचा. ओडिसियसच्या घरी बारा जणी दळणाऱ्या. अकरा दळून झोपल्यात, सगळ्यांत अशक्त असलेली एकटी अजून जात्यावर. जातं थांबवून ती झ्यूसला म्हणते, या मागणी घालणाऱ्यांच्या पिठापायी माझे गुडघे गेले, आज त्यांचं शेवटचं जेवण होऊ दे. शुभशकुन झाला म्हणून ओडिसियस खूश होतो. तिचं दळण संपलं का, ते कवी सांगत नाही.