फॉरेन्सिक केमिस्ट्री शिकताना: आधी ब्लँक, मग नमुना

विष, रक्त, अमली पदार्थ यांच्या ओढीने विद्यार्थी या विषयाकडे येतात आणि पहिल्या वर्षी हातात पडतात ब्युरेट, पिपेट आणि मोलॅरिटीची गणितं. ती टाळू नका. विश्लेषणात्मक रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि सांख्यिकी या तिघांना सगळ्यात जास्त वेळ द्या. पुढचं सगळं यांच्यावर उभं राहतं.

चाचणी पाठ करताना तिच्यासोबत एक प्रश्न कायम लिहून ठेवा: हा निकाल खोटा कशामुळे येऊ शकेल? रक्तासाठीची कॅसल-मायर चाचणी घ्या. डाग हलकेच पुसलेल्या गाळणकागदावर एक थेंब इथेनॉल, मग रंगहीन केलेल्या फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंब. इथे काही सेकंद थांबा. कागद याच वेळी गुलाबी झाला, तर ब्लीचसारखं एखादं ऑक्सिडीकारक द्रव्य आहे आणि चाचणी तिथेच बाद. रंग आला नाही तरच 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. लगेच येणारा गुलाबी रंग रक्ताची शक्यता दाखवतो. बऱ्याच वेळाने हळूहळू येणारा रंग मोजू नका, कारण हवेतल्या ऑक्सिजननेही तो येतो. काही भाज्यांमधलं पेरॉक्सिडेज नावाचं विकरही हाच रंग देतं, म्हणून अहवालात "रक्त आहे" असं लिहिणं चूक. ही प्राथमिक चाचणी आहे. आणि नमुन्याआधी कोरा कागद (हाच ब्लँक) व ज्ञात रक्ताचा डाग दोन्ही तपासा, नाहीतर द्रावण खराब झालंय की नाही हे कळणारच नाही.

शाईच्या टीएलसीत (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी: प्लेटवर चढणाऱ्या द्रावकासोबत शाईतले रंग वेगळे करणं) चुका बहुधा सुरुवातीलाच होतात. सिलिका प्लेटवर खालून 1 सेंमीवर रेघ पेन्सिलने मारा. पेनने मारली तर तिचीच शाई वर चढते. केशनळीने 2 मिमीपेक्षा मोठा ठिपका देऊ नका, तो पसरतो आणि जवळचे रंग एकमेकांत मिसळतात. भांड्यात द्रावक अर्धा सेंमीच ठेवा. ठिपका बुडाला की रंग खालीच विरघळून जातो. प्लेट बाहेर काढताच द्रावकाच्या सीमेवर खूण करून घ्या, ती क्षणात सुकते. ठिपका 3.2 सेंमी आणि द्रावक 8.0 सेंमी चढला, तर आरएफ, म्हणजे ठिपक्याचं अंतर भागिले द्रावकाचं अंतर, 0.40. दोन शाया एकाच प्लेटवर शेजारी शेजारी चालवा, मग दुसऱ्या द्रावकातही. एकाच द्रावकात आरएफ जुळलं म्हणून शाई एकच ठरत नाही.

उपकरणांत गॅस क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करणारी) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (ते घटक ओळखणारी) नीट समजून घ्या. एक नमुना झाल्यावर दुसऱ्याआधी निव्वळ द्रावक चालवा, म्हणजे आधीच्या नमुन्याचा उरलेला अंश दिसेल. रक्तातल्या अल्कोहोलच्या मापनात एन-प्रोपॅनॉल अंतर्गत मानक म्हणून, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात, घालतात. रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड असतं, कारण सूक्ष्मजीव साठवणीत अल्कोहोल तयार करू शकतात. कॅलिब्रेशनला, म्हणजे ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांवरून आलेखाची रेघ काढायला, किमान 5 बिंदू घ्या. नमुना शेवटच्या बिंदूच्या वर गेला, तर रेघ वाढवू नका; पातळ करून पुन्हा चालवा. आर-वर्ग (बिंदू रेघेशी किती जुळतात याचं माप) 0.99 आला म्हणून निश्चिंत होऊ नका. खालच्या टोकाचे बिंदू वेगळे तपासा, कारण चूक तिथेच लपते.

वहीत वजनं तराजूवर दिसताक्षणी शाईने लिहा. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही आणि तारीख. खाडाखोड किंवा व्हाइटनर नको. आठवड्यातून एकदा आपला अहवाल सहाध्यायाकडे द्या आणि वकिलासारखी उलटतपासणी करायला सांगा. ज्या प्रश्नाला वहीत उत्तर सापडत नाही, ती नोंद पुढच्या प्रॅक्टिकलपासून सुरू करा.