पायऱ्यांवर शिकावे क्लोनिंग

फोटोतून नको असलेली व्यक्ती किंवा वस्तू काढायला शिकणाऱ्यांनी मोकळ्या आकाशावर सराव करण्यात फार वेळ घालवू नये, असे दादरच्या स्टुडिओत रिटचिंग करताना आलेल्या अनुभवावरून मी आग्रहाने सांगेन. आकाशातील तार फोटोशॉप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील स्पॉट हीलिंग ब्रशने (डाग पुसणाऱ्या साधनाने) क्षणात जाते; हात तयार होतो तो रेषांवर, आणि त्यासाठी फोर्टमधील एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

लग्नाआधीच्या फोटोंसाठी तेथे जाणाऱ्या जोडप्यांच्या मागे बहुधा कोणीतरी बसलेले असते. त्या व्यक्तीला काढताना आधी वर एक रिकामा लेयर (पारदर्शक थर) घ्यावा आणि क्लोन स्टॅम्पच्या, म्हणजे एका जागेचा नमुना घेऊन दुसरीकडे त्याची नक्कल उमटवणाऱ्या साधनाच्या, पर्यायांत ‘करंट अँड बिलो’ (हा आणि खालचे लेयर) निवडावे, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो. मग ‘अलाइन्ड’ (ब्रशबरोबर नमुन्याची जागाही सरकवणारा पर्याय) चालू ठेवून, ऑल्ट दाबून पायरीच्या कडेवरच नेमका नमुना घ्यावा आणि झाकलेल्या कडेच्या रेषेवर पहिला ठसा उमटवावा. नमुना त्याच पायरीवरून आडवा घ्यावा, कारण वरच्या पायरीची जाडी आणि तिच्यावरील सावली वेगळी असते. ब्रश फार मऊ ठेवला तर दगडाचा पोत धूसर होतो. कडा जुळल्यावर मधला भाग भरणे सोपे आहे. मात्र त्या व्यक्तीची पायरीवर पडलेली सावलीही काढावी लागते, आणि नवखे नेमके तेच विसरतात.

2002 मध्ये फोटोशॉप 7 बरोबर आलेला हीलिंग ब्रश भोवतालचा रंग व उजेड जुळवून घेतो. म्हणूनच वधूच्या लाल शालूलगत तो वापरला, तर दगडावर लालसर डाग उतरतो. तेथे क्लोन स्टॅम्पच योग्य.

एकाच ठिकाणचा नमुना पुन्हा पुन्हा वापरू नये. 2006 मध्ये बैरूतच्या एका छायाचित्रातील धुराचे लोट असेच वाढवलेले होते. त्यांतील सारखे आकार वाचकांनी ओळखले आणि रॉयटर्स वृत्तसंस्थेने त्या छायाचित्रकाराची 920 छायाचित्रे मागे घेतली. लग्नाच्या अल्बममध्ये चालणारी ही दुरुस्ती बातमीच्या छायाचित्रात मुळीच चालत नाही, हे वृत्तपत्रात जाऊ इच्छिणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून पाळावे.

फोटोशॉप परवडत नसेल, तर जिंप हे तसेच सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यात नमुना घेताना ऑल्टऐवजी कंट्रोल दाबावे, बाकी कामाचा क्रम हाच राहतो.