बडोद्याहून गाडी पकडताय? स्लीपरचा डबा आधीच शोधून ठेवा

दांडिया बाजारातले आपले लोक पुण्या-मुंबईला निघाले की स्टेशनवर आधी विचारतात, एस ४ कुठे येणार? सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही, पण बहुतेक लांबच्या गाड्यांना दोन्ही टोकांना जनरलचे डबे असतात आणि मध्ये स्लीपर (एस), थर्ड एसी (बी), सेकंड एसी (ए), फर्स्ट एसी (एच) असे गट, त्यांचा क्रम मात्र गाडीगणिक बदलतो. म्हणून कोच पोझिशन ॲपवर बघा आणि प्लॅटफॉर्मवरचा डब्यांचा बोर्ड लागला की परत एकदा बघाच, कारण गाडीची दिशा फिरली की सगळा क्रम उलटा होतो.

तिकिटावर स्टेशनचं नावही नीट वाचा! रतलामकडून अहमदाबादला जाणाऱ्या काही गाड्या इंजिन फिरवायला लागू नये म्हणून बडोद्याजवळच्या छायापुरी स्टेशनला थांबतात, बडोदा जंक्शनला येतच नाहीत, आणि आजी-आजोबांना ऐनवेळी तिकडे पळवणं फार वाईट.

आता बर्थ. आठ-आठचा हिशेब: १ आणि ४ लोअर, २ आणि ५ मिडल, ३ आणि ६ अप्पर, ७ साइड लोअर, ८ साइड अप्पर, पुढे हेच चालू. नव्या बनावटीच्या, म्हणजे एलएचबी, स्लीपर डब्यात ८० बर्थ, जुन्यात ७२. झोप हवी असेल तर मधले, साधारण ३३ ते ४८, संडासाचा वास आणि दाराची धडधड तिथे कमी, शिवाय चाकं डब्याच्या टोकांखाली असतात त्यामुळे हादरेही कमी बसतात. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी बुकिंग करताना वरिष्ठ नागरिकांचा लोअर बर्थ कोटा निवडायला विसरू नका.