दुसऱ्याच्या नावाचा बॅज

दोन वर्षं चार महिने माझ्या छातीवर एका अनोळखी माणसाचं नाव होतं. मी त्याला कधी पाहिलंही नाही. माझ्या आधी तो त्या एक्स-रे सेंटरला टेक्निशियन होता, सोडून गेला, आणि त्याचा टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला किती किरण लागले ते मोजणारा बिल्ला, मशीनच्या कन्सोलशेजारच्या खिळ्याला लटकत राहिला. पहिल्याच दिवशी मालक म्हणाले, “तोच घाल की. इन्स्पेक्शन आलं तर लागतोय.” मी घातला. साल २०१५. पगार सात हजार, पाकिटातून रोख. खानापूरहून बसचा पास काढून बेळगावला येणाऱ्या पोरीला ते पाकीट मोठं वाटायचं. आई ते देवापुढं ठेवायची.

एक्स-रे, सीटीचं शिकवणारा डिप्लोमा (डीएमआयटी) किंवा बी.एस्सी. एमआयटी संपत आलेली आपल्याकडची मुलं फोन करतात. “ताई, सुरुवातीला किती मिळेल? सीटी शिकू की एमआरआय?” सांगते, पण आधी बॅजचं ऐका. पगाराचं मला कुणीही सांगितलं असतं. बॅजचं कुणीच सांगितलं नाही.

बॅज म्हणजे काय ते पुस्तकात आहे, परीक्षेला लिहिलंतही असेल. आत तीन चकत्या, एक उघडी आणि दोन फिल्टरच्या आड. किरण लागले की चकतीत ऊर्जा साठते, प्रयोगशाळेत चकती तापवली की ती उजेडाच्या रूपानं बाहेर पडते, आणि तो उजेड मोजून डोस काढतात. म्हणून तो उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत टाकायचा नाही, एप्रनच्या आत छातीपाशी लावायचा, आणि सुट्टी झाली की एक्स-रे रूमच्या बाहेर कंट्रोल बॅजजवळ, म्हणजे तुलनेसाठी कुणीच न घातलेल्या बॅजजवळ, ठेवायचा. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पुस्तकात ठळक अक्षरात नसलेली गोष्ट वेगळीच होती. बॅज माणसाचा असतो, खुर्चीचा नाही. तुमच्या नावावर एक नंबर पडतो आणि नोकरी कितीही बदला, तो नंबर तुमच्या मागं येतो. दर तीन महिन्यांचा डोस त्याच्यापुढं चढत जातो, आयुष्यभराची बेरीज होते. नव्या ठिकाणी गेलात की हाच नंबर द्यायचा, नवा मागायचा नाही.

म्हणजे माझी दोन वर्षं चार महिने कुठं जमा झाली? त्या माणसाच्या खात्यात. तो कदाचित तेव्हा हुबळीत स्वतःचा दुसरा बॅज लावून काम करत असेल.

हे कळलं २०१८ ला. दुबईसाठी अर्ज केला होता. तिथं परीक्षेसोबत कागदांची पडताळणी होते, म्हणजे जिथं जिथं काम केलं म्हणता त्या जागेला थेट मेल जातो. आमच्या सेंटरनं कळवलं की या नावाची टेक्निशियन आमच्या नोंदीत नाही. खोटं नव्हतंच ते! नियुक्तिपत्र नव्हतं, पगार बँकेत नव्हता, बॅज दुसऱ्याचा, रजिस्टरवर सही ‘टेक’ एवढीच. मी काढलेले छातीचे हजारो एक्स-रे कुठल्या ना कुठल्या घरी पिशवीत असतील, पण त्यांतल्या एकावरही माझं नाव नाही. भरलेली फी गेली. मी टिळकवाडीच्या रेल्वे गेटजवळ उभी राहून रडले, आणि मग खानापूरची शेवटची बसही चुकली.

डोसचं म्हणाल तर घाबरू नका. लेड काचेमागं उभं राहून साधे एक्स-रे काढणाऱ्याला फार काही लागत नाही. आपल्याकडची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. माझ्या स्वतःच्या बॅजचे रिपोर्ट आजवर त्याच्या जवळपासही गेलेले नाहीत. पण त्या पहिल्या दोन वर्षांबद्दल मी फक्त ‘बहुतेक कमीच असेल’ म्हणू शकते. ऑपरेशन थिएटरात सी-आर्मवर, म्हणजे फिरत्या एक्स-रे मशीनवर, उभी राहायचे तेही त्यातच आलं. मुलीच्या वेळी गरोदर असताना डॉक्टरांनी आधीच्या डोसची नोंद मागितली, तेव्हा हे ‘बहुतेक’ सांगताना घसा कोरडा पडला होता. मुलींनो, दिवस गेलेत असं कळलं की त्याच आठवड्यात लेखी कळवा. कळवल्यानंतर उरलेल्या काळात बाळापर्यंत १ मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये, त्याप्रमाणं ड्यूटी बदलून द्यावी लागते. लाजून चार महिने गप्प बसणाऱ्या मी पाहिल्यात.

तर पहिल्या दिवशी तोंड उघडून विचारायचं: माझ्या नावाचा बॅज कधी येईल? अर्ज कधी पाठवताय? नियुक्तिपत्रात ‘ट्रेनी’ लिहिणार की ‘टेक्निशियन’? पगार खात्यावर ना? चेहरा वाकडा केला तर समजा काय ते. तरीही घरची अडचण असेल तर नोकरी धरा, मीही धरली होती, पण सहा महिन्यांच्या वर तिथं थांबू नका.

आता पगार. माझी दुसरी नोकरी अकरा हजार पाचशेला लागली, या वेळी हॉस्पिटलात आणि खात्यावर. सीटीवर गेले तेव्हा सोळा झाला. आज बेळगावात, रात्रपाळी धरून, सत्तावीस हजार हातात येतात. निपाणी, चिकोडी, अथणीकडं छोट्या सेंटरला नवख्याला दहा-बाराच देतात, वर “शिकायला मिळतंय की” हे ऐकवतात. शिकायला मिळतं हे खरं. वर्षभर साधा एक्स-रे नीट शिका. पडलेल्या म्हाताऱ्याच्या खुब्याचा बाजूनं एक्स-रे (हिप लॅटरल), रडणाऱ्या पोराचं कोपर, एवढं रिपीट न करता निघालं की सीटीचं मशीन काही अवघड नाही. शिरेत कॅन्युला (सुईची नळी) लावायला मात्र शिकून घ्या. सीटीत चित्र उठून दिसायला लागणारं औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, देणाऱ्या हाताला आमच्याकडं भाव आहे.

सरकारी म्हणाल तर रेल्वेच्या पॅरामेडिकल भरतीत रेडिओग्राफरची जागा लेव्हल ५ ची, सातव्या वेतन आयोगात मूळ पगार २९,२०० पासून. बारावी, म्हणजे आपली पीयूसी, फिजिक्स-केमिस्ट्री घेऊन आणि दोन वर्षांचा डिप्लोमा लागतो. ही भरती रोज निघत नाही, पण निघते. कर्नाटकच्या आरोग्य खात्यात जायचं तर कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे. पलीकडं महाराष्ट्राच्या भरतीत आपल्या सीमाभागातल्या, महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना अर्ज करता येतो, त्यासाठी १५ वर्षांच्या रहिवासाचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. जाहिरात आल्यावर धावाधाव करू नका, दाखला आधीच काढून ठेवा. दोन्ही दारं उघडी ठेवा. एकाच दारावर हट्ट धरून बसलेले माझ्याच बॅचचे दोघे आज औषधाच्या दुकानात आहेत.

कन्नडचं आणखी एक. सीमाप्रश्नाच्या मोर्चात काय घोषणा द्यायच्या त्या द्या, मीही दिल्यात. पण बैलहोंगलची आजी चेस्ट स्टँडला हनुवटी टेकवून उभी असते तेव्हा “उसरु तगोळ्री... हिडीरी... बिडरी” (श्वास घ्या, धरा, सोडा) एवढं तिच्या भाषेत यायलाच हवं. नाही आलं तर ती नेमकी एक्स्पोजरला श्वास सोडते आणि फिल्म हलते. चंदगडचा मामा आला तर “श्वास घ्या, धरा” म्हणा. दोन्ही माणसं त्याच रांगेत असतात.

शॉर्टकटवाल्यांबद्दल मी बोलले तर कडवट वाटेल, वाटू दे. ‘सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन, नोकरीची हमी’ असल्या बोर्डाखालून मान खाली घालून निघून जा. प्रवेश घेण्याआधी कोर्स राज्याच्या पॅरामेडिकल बोर्डाचा की विद्यापीठाचा ते लेखी बघा. २०२१ च्या कायद्यानं आपल्या पेशालाही राष्ट्रीय आयोग आलाय, नोंदणीचं काम पुढं घट्टच होत जाणार. ज्याच्या सर्टिफिकेटवर फक्त संस्थेचाच शिक्का आहे, त्याची गोची होईल.

सीनियरचंही तसंच. “बघत राहा, येईल” म्हणणारा सीनियर वर्षभर तुम्हाला फिल्मच्या कॅसेट वाहायलाच लावतो. मला खरं शिकवलं ते एका चिडक्या बाईनं. वाईट फिल्म आली की तोंडावर फेकायच्या, आणि मग स्वतः उठून पेशंटचा खांदा अर्धा इंच फिरवून दाखवायच्या. गोड सीनियरपेक्षा असा बरा.

आणि सोनोग्राफीचा प्रोब हातात देऊ केला तर घेऊ नका. “जरा धर, मी आलोच” म्हणून दिला तरी नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात टेक्निशियनला तिथं जागा नाही, आणि गर्भलिंगाचा नुसता इशारा केलात तरी तुरुंग आहे. याच्यावर चर्चा नको.

शेवटी एक बारीक गोष्ट, आपल्याच भागातली. बॅज आला की नावाचं स्पेलिंग एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. शाळेत मराठीत एक, तालुका ऑफिसात कन्नडवरून दुसरं, आधारवर तिसरं अशी आपली आडनावं तीन-तीन प्रकारे लिहिली जातात. माझ्या स्वतःच्या बॅजवर पहिल्या तिमाहीत ‘पाटील’चं ‘पटील’ आलं होतं. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. ऑफिसातला पोरगा हसला, “एका अक्षरानं काय होतंय हो मॅडम?” मी त्याच्यासमोरच खुर्ची ओढून बसले, आणि दुरुस्तीचा मेल जाईपर्यंत उठले नाही.