डिफरन्शियलचं कव्हर पुन्हा पुन्हा गळतंय? या चुका टाळा

पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलचं (इंजिनची ताकद मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) कव्हर म्हणजे दहा ते चौदा बोल्टांवर बसलेलं पत्र्याचं झाकण. आत पंप नाही, ऑइलला दाब नाही. तरीही सिलिकॉन लावून बसवलेलं कव्हर महिन्याभरात परत ओलं होतं आणि दोष सिलिकॉनच्या ट्यूबवर जातो. ट्यूब बहुतेक वेळा ठीक असते. ती उघडण्याआधीच काम बिघडलेलं असतं.

आधी गळती कव्हरचीच आहे ना, एवढं नक्की करा. पिनियनच्या (पुढून आत शिरणाऱ्या छोट्या गिअरच्या) सीलमधून आलेलं ऑइल चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं, हाउसिंगच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या बाहेरच्या खोक्याच्या, पोटावरून वाहतं आणि कव्हरच्या खालच्या कडेला थेंब धरतं. हाउसिंग डिग्रीझरने धुऊन कोरडं करा, जोडावर टाल्कम पावडर मारा आणि वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा. ओली रेघ जिथे सुरू होते तिथे गळती असते, थेंब लोंबतो तिथे नाही. चाकाच्या आतल्या अंगाला ओल असेल तर एक्सलचं सील गेलंय. ते ऑइल ब्रेकवर पोचतं, म्हणून कव्हर राहू द्या आणि आधी ते करा. काही पिकअपमध्ये मागचं झाकण वेल्ड केलेलं असतं आणि डिफरन्शियल पुढून निघतं. तिथे मागे ओल दिसली तर वेल्डला चीर शोधा.

ब्रीदरकडे न बघणं

ब्रीदर म्हणजे हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जायची छोटी वाट. त्याच्याकडे न बघणं ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि सगळ्यात जास्त मेहनत तीच वाया घालवते. हाउसिंगमधली हवा 25 अंशांवरून 85 अंशांवर गेली आणि तिला बाहेर पडायला वाट नसली, तर आतला दाब साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. एवढा दाब ऑइलला सिलिकॉनखालून किंवा सीलच्या ओठातून ढकलायला पुरतो.

लोड वाहणाऱ्या एका पिकअपचं कव्हर दोन महिन्यांत तीनदा उघडलं गेलं. पहिल्या खेपेला नवं सिलिकॉन. दुसऱ्या खेपेला जास्त सिलिकॉन आणि बोल्ट अजून जोरात. तिसऱ्या खेपेला कव्हरच नवं. दर वेळी गाडी रात्रभर कोरडी राहायची आणि लोड घेऊन लांब फेरी मारून आली की खालची कड ओली. ‘उभी असताना कोरडी, तापल्यावर ओली’ ही ब्रीदरची खूण पहिल्याच दिवशी ओळखायला हवी होती. शेवटी गाडी फेरीवरून आल्यावर फिलर प्लग, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाचं बूच, हळूहळू ढिला केला, तेव्हा फुस्सकन हवा सुटली. एक्सल ट्यूबवरचा (हाउसिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या नळीवरचा) ब्रीदर काढून पाहिला तर आत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं आणि वर चिखलाचा थर. ब्रीदर साफ केला आणि गळती थांबली. तोवर दोन वेळचं ऑइल आणि एक चांगलं कव्हर फुकट गेलं होतं.

म्हणून कव्हरच्या पहिल्या बोल्टला पाना लावण्याआधी ब्रीदर काढा. त्यातून फुंकून बघा. टोपीचा असेल तर टोपी सैल हलली पाहिजे. रबरी नळी असेल तर ती कुठे दुमडली किंवा चिरली आहे का, पूर्ण लांबीभर हात फिरवून पाहा. गाडी पाण्यातून जात असेल तर हे आणखी महत्त्वाचं: गरम हाउसिंग एकदम गार झालं की ते सापडेल त्या फटीतून पाणी आत ओढतं. ऑइल दुधाळ निघालं तर हेच झालेलं असतं.

ओलसर तोंडावर सिलिकॉन

दुसरी चूक घाईची. कव्हर काढलं, ऑइल पडलं, कपडा मारला, क्लीनरचा फवारा मारला, लगेच सिलिकॉन. पण क्राउनला (आतल्या मोठ्या गिअरला) आणि एक्सल ट्यूबमध्ये चिकटलेलं ऑइल तासन् तास खाली उतरत राहतं आणि हाउसिंगच्या खालच्या ओठावर जमतं. पुसलेला भाग दहा मिनिटांत परत ओला होतो. घड्याळातल्या सहाच्या जागी, म्हणजे अगदी खाली, बोट फिरवा, चकाकी लगेच दिसते. त्या फिल्मवर सिलिकॉन धरत नाही.

सवय अशी ठेवा: कव्हर संध्याकाळी काढा, खाली ट्रे ठेवा, रात्रभर निथळू द्या. सकाळी आतल्या तळाचं ऑइल कपड्याने टिपून घ्या, मगच दोन्ही तोंडं, म्हणजे हाउसिंग आणि कव्हर एकमेकांना भिडतात त्या कडा, ब्रेक क्लीनरने पुसा. फवारा कपड्यावर मारा, हाउसिंगमध्ये नाही. आत मारला की वरचं ऑइल धुऊन पुन्हा खाली येतं. पांढरा कपडा पांढरा राहिला की तोंड तयार.

जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा. ड्रिलला घासायची चकती लावून हाउसिंगचं तोंड ‘दोन मिनिटांत’ चकचकीत करणं हा शॉर्टकट अजिबात मान्य नाही. त्या चकतीचे कण आत पडतात आणि बेअरिंग खातात.

सिलिकॉन गिअर ऑइलला टिकणारं घ्या. 4-5 मिलिमीटर जाड, सलग दोरी, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलेलं आत दाबलं जातं, तुटून ऑइलमध्ये फिरतं. वर साय धरण्याआधी, साधारण दहा मिनिटांत, कव्हर बसलं पाहिजे. बोल्ट आधी बोटांनी, मग समोरासमोर, दोन फेऱ्यांत. ऑइल भरायची घाई नको. ट्यूबवरचा वेळ पाळा, जमलं तर रात्र जाऊ द्या.

बाकीच्या, थोडक्यात

फिलर प्लग सुटतो याची खात्री न करता ऑइल काढू नका. तो गंजून अडकला तर रिकामं डिफरन्शियल घेऊन बसाल.

कव्हर सुटताना वरचे दोन बोल्ट चार-पाच आट्यांवर राहू द्या, नाहीतर ते ऑइलसकट अंगावर येतं.

कव्हरखाली जॅक लावू नका. कड वाकते.

बोल्ट जीव खाऊन आवळू नका. बहुतेक कव्हरना 30 ते 45 न्यूटन-मीटर पुरतं, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. जास्त आवळलं की भोकांभोवती पत्रा आत दबतो आणि दोन बोल्टांमधला भाग उचलला जातो. तसं कव्हर काचेवर पालथं ठेवा, फट दिसेल. थोडी असेल तर सपाट लोखंडावर हलक्या हातोडीने परत बसते. गंजून पापुद्रे सुटत असतील तर कव्हर बदला.

कागदी गॅस्केट आणि त्यावर दोन्हीकडून जाड सिलिकॉन हे एकत्र नको. गॅस्केट घसरून बाहेर येतं. धातूच्या गाभ्याचं गॅस्केट तर कोरडंच बसवायचं.

बोल्टखालची पत्र्याची चकती, म्हणजे एक्सलचा टॅग, फेकू नका. त्यावर गिअरचं प्रमाण असतं.

लिमिटेड स्लिप (एकच चाक घसरून फिरत राहू न देणारं डिफरन्शियल) असेल तर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण जुळवणारं मिश्रण) लागतो का ते मॅन्युअलमध्ये बघा. लागत असून विसरलात तर वळताना मागून कडकड येते.

ऑइल भरताना गाडी सपाट उभी हवी. पातळी सहसा फिलरच्या खालच्या कडेपर्यंत. काही एक्सलमध्ये थोडी खाली सांगितलेली असते. एक बाजू उचलून ‘थोडं जास्त’ भरलेलं ऑइल सीलमधूनच बाहेर येतं.

पहिल्या लोडच्या फेरीनंतर, गाडी अजून गरम असताना, खाली वाका आणि खालच्या कडेवरून कोरडा कपडा फिरवा. शंभर किलोमीटरनंतर गार गाडीत पातळी पुन्हा बघा.