जुन्या पीसीत स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड टाकताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी कार्ड घ्यायचं आणि मग पीसीकडे बघायचं. गणपतीला चाकरमानी गावी येणार म्हटलं की इकडे कोकणात कुडाळ, कणकवली, चिपळूणची पोरं त्यांना फोन करतात, मुंबईतल्या कॉम्प्युटर बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून अमुक कार्ड घेऊन ये, आणि ते घरी आल्यावर कळतं की कॅबिनेटमध्ये बसतच नाही नाहीतर एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) कार्डासाठी लागणारी वायरच नाही. मुंबईतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणता येतं, आपल्याला ते परत पाठवेपर्यंत दुकानदाराची टेस्टिंग वॉरंटी (तपासून परत करायची थोड्या दिवसांची मुदत) संपून गेलेली असते. म्हणून आपल्याकडे आधी तपासणं जास्त गरजेचं आहे.

सुरुवात एसएमपीएसपासून करा. साईडचं पॅनल उघडून त्यावरचं स्टिकर वाचा, मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलंय त्याकडे दुर्लक्ष करा, खाली छोटा तक्ता असतो त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती ॲम्पियर आहेत ते बघा. १४ असतील तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट, आणि त्यातच प्रोसेसर, फॅन, हार्डडिस्क आणि नवीन कार्ड सगळ्यांनी भागवायचंय. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर सरळ बेरीज करू नका, दोन्हीचे मिळून किती वॉट ते बहुतेक वेळा खाली वेगळं दिलेलं असतं, तोच आकडा धरा. आता कार्डाची बाजू. मदरबोर्डच्या मोठ्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनची वायर आणखी ७५ देते, ८ पिनची १५०. त्यामुळे जुन्या ऑफिसच्या पीसीसाठी जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० यांचं वेगळी पॉवरची वायर न लागणारं मॉडेलच बघा (१६५० च्या काही मॉडेलना ६ पिन लागते, फोटो नीट बघून घ्या). आरएक्स ५८० स्वस्तात मिळतं म्हणून मोह होतो, पण ते १८५ वॉटचं कार्ड आहे, लोकल एसएमपीएसवर ते चालवायचा विचारसुद्धा करू नका. आणि साटाच्या (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या) वायरला कन्व्हर्टर लावून ६ पिन काढून देणारे भेटतात, त्यांना सरळ नाही म्हणा. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटचा असतो, त्यातून ७५ ओढले की तो वितळू शकतो.

सेकंडहँड मिळणारे ब्रँडेड स्लिम पीसी असतील तर लो प्रोफाईल म्हणजे कमी उंचीचं कार्ड लागतं, आणि त्यासोबत छोटी पट्टी आहे का ते विचारून घ्या, नाहीतर कार्ड स्क्रूने बसणारच नाही.

मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएवाला असेल तर हेही बघा. १० सिरीजपासून (१०५० टीआय त्यातलंच) एनव्हिडियाच्या कार्डांतून ॲनालॉग सिग्नल येतच नाही, त्यामुळे डीव्हीआयला लावायचं ते जुनं छोटं ॲडॅप्टर चालत नाही, एचडीएमआय ते व्हीजीए असा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्यावा लागतो. लोक कार्ड खराब म्हणून परत करतात आणि दोष असतो कन्व्हर्टरचा.

कार्ड कशासाठी हवंय तेही आधी ठरवा. आपल्याकडे दशावताराचे प्रयोग, कबड्डीच्या मॅचेस शूट करून यूट्यूबवर टाकणारी, लाईव्ह करणारी पोरं खूप आहेत आणि मला त्यांची खरंच काळजी वाटते, कारण त्यांनाच दुकानदार आरएक्स ६४०० किंवा जीटी १०३० गळ्यात मारतात. या दोन्हीत व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंगचं काम करणारा कार्डातला खास भाग) नाही, म्हणजे रेकॉर्डिंगचा सगळा भार परत जुन्या प्रोसेसरवरच. शिवाय ६४०० ला चारच लेन (बोर्डाशी डेटा ने-आण करायच्या वाटा) आहेत, दुसऱ्या जनरेशनच्या आय-फाईव्हच्या जुन्या बोर्डावर ते आणखी मंद पडतं. १०३० मध्ये डीडीआर४ मेमरीवालं मॉडेल तर अजिबात घेऊ नका, ते जीडीडीआर५ पेक्षा फारच स्लो आहे. १०५० टीआयमध्ये एन्कोडर आहे. फक्त एक लक्षात ठेवा, त्याचे नवीन गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद, सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत. भाव करताना हे बोलून दाखवा.

सेकंडहँड कार्ड म्हटलं की सगळे मायनिंगला (क्रिप्टो नाणी काढायला दिवसरात्र राबवलेल्या कार्डांना) घाबरतात, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा ढिगाने कार्डं बाजारात आली होती. मला विचाराल तर किनाऱ्यावर खरी भीती खाऱ्या हवेची आहे. मालवण, अलिबागकडच्या सायबर कॅफेतलं कार्ड असेल तर उजेडात धरून मागची बाजू बघा, डाखाच्या टोकांवर हिरवट थर, पट्टीच्या स्क्रूवर गंज, पोर्टच्या आतला पत्रा काळपट, असं दिसलं तर सोडून द्या. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ च्या पुरात कितीतरी दुकानं, घरं पाण्यात गेली, तेव्हा जुनं सामान घेताना फॅनच्या खाली, हीटसिंकच्या पात्यांत चिखलाचा बारीक थर राहिलाय का तेवढं बघाच. नकली कार्डांसाठी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा, बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून जुन्याच चिपला १०५० टीआय म्हणून विकलेलं असेल तर ते बहुतेक वेळा नावापुढे फेक असं दाखवतं. मुंबईहून कुणी आणणार असेल तर पैसे द्यायच्या आधी दुकानातच जीपीयू-झेड आणि १५ मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवून व्हॉट्सॲपला व्हिडिओ पाठवायला सांगा.

लाईटचं काय, तर पावसाळ्यात आपल्याकडे ती दिवसात कितीदा जाते हे सांगायला नको. चांगला एसएमपीएस घेतलात आणि घरचा इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हवाला असेल तर पीसी बंद पडू शकतो किंवा गुणगुणतो, साईन वेव्हच बघा. विजा चमकायला लागल्या की नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा आणि इंटरनेटची लॅन केबलही काढा, झटका तिथूनही येतो. कातळावरच्या घरांत अर्थिंग आहे असं समजू नका, इलेक्ट्रिशियनला मीटर लावून बघायला सांगा.

कार्ड बसवलं आणि डिस्प्लेच नाही? आधी मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीय ना ते बघा, निम्म्या लोकांची मदरबोर्डलाच राहते. मग कार्ड काढून सोनेरी कडा खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कचरा झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, पूर्ण वाळू द्या, खटका वाजेपर्यंत दाबून बसवा. तरी नाही तर बोर्डाचं बायोस अपडेट करून बघा. डिस्प्ले येतो पण विंडोज अडकतं, तर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर साफ करून नवीन टाका. डेस्कटॉपवर सगळं ठीक आणि गेम लावला की पीसी फटकन बंद होतो, तर पहिला संशय एसएमपीएसवर. स्क्रीनवर रंगीत चौकोन, रेघा येतात आणि दुसऱ्या पीसीतही तसंच दिसतं, तर कार्डाची मेमरी गेलीय, दुरुस्तीच्या मागे न लागता टेस्टिंग वॉरंटी आहे तोवर परत पाठवा.