इंग्लंडमध्ये नवीन आलात? आधी घराजवळचं जंगल गाठा

नवीन आलेली मंडळी हमखास विचारतात, इथे जंगलात जायला तिकीट लागतं का, परमिट कुठून काढायचं. बहुतेक ठिकाणी काहीच लागत नाही. चौकी नाही, गाईड नाही, बिबट्याची भीती नाही, विषारी साप म्हणाल तर अख्ख्या देशात एकच, ॲडर, आणि तोही माणसाची चाहूल लागली की सटकतो. पैसे लागलेच तर पार्किंगचे. त्यामुळे माझं सांगणं एवढंच की पहिल्याच लाँग वीकेंडला उत्तरेकडच्या लेक डिस्ट्रिक्ट या पर्यटनस्थळाच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन बसू नका, घराजवळचं एक जंगल धरा आणि प्रत्येक सीझनला तिथेच परत परत जा, मग ते खरं कळायला लागतं.

स्लाऊ, हाउन्स्लो, रेडिंगकडे राहत असाल तर बर्नहॅम बीचेसपासून सुरुवात करा (बीच म्हणजे इथे समुद्रकिनारा नाही, बीच नावाचं झाड). १८८० मध्ये लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने हे जंगल लोकांसाठी विकत घेतलं म्हणून ते वाचलं, नाहीतर आज तिथे बंगले असते. जुन्या काळी सरपणासाठी इथली बीचची झाडं बुंध्यातून न तोडता डोक्याच्या वर छाटायचे, म्हणजे नवे धुमारे गुरांच्या तोंडी लागायचे नाहीत, आणि या छाटणीमुळेच ती शेकडो वर्षं टिकली. आता कित्येक आतून पोकळ आहेत, माणूस मावेल एवढी ढोली, बुंध्यावर गाठीच गाठी, आणि तरी वसंतात वर पोपटी पालवी फुटते. नवीन पानाच्या कडेला बारीक रेशमी लव असते, जवळून बघा, मुलांना दाखवा. फक्त ढोलीत शिरू नका, मुळांवर उभं राहून फोटो काढू नका, पायाखाली माती दाबली गेली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. पडलेली लाकडं पण उचलायची नाहीत, त्यात भुंगेरे, बुरशी, सगळं जगत असतं, ती मुद्दाम तशीच ठेवतात. देवराईतली काटकीसुद्धा आपण घरी आणत नाही ना, तसंच समजा.

एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत ब्लूबेल्स. झाडांना पूर्ण पानं यायच्या आत जमिनीवर ऊन पोचतं तेवढ्यात ही फुलं उरकून घेतात, सगळी जमीन निळी-जांभळी दिसते. आणि इथे मला मनापासून हात जोडून सांगायचंय, फोटोसाठी फुलांच्या मध्ये जाऊन बसू नका, बाळाला मध्ये ठेवू नका, साडी-शेरवानीचं फोटोशूट पायवाटेवरूनच करा. पानं तुडवली गेली की जमिनीखालच्या कांद्याला, म्हणजे फुलाच्या गड्ड्याला, अन्न मिळत नाही आणि तो भाग परत भरायला वर्षं लागतात. मालकाच्या परवानगीशिवाय कांदे उपटणं तर १९८१ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

वाट कशी ओळखायची? खांबावर पिवळा बाण म्हणजे फुटपाथ, फक्त चालणाऱ्यांसाठी. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, तिथे घोडे आणि सायकली पण येतात, घोडा दिसला की बाजूला होऊन शांत उभं राहायचं. वाट बऱ्याचदा कोणाच्या तरी शेतातून जाते, तो तुमचा हक्क आहे, बिनधास्त जा, पण वाट सोडायची नाही आणि गेट जसं होतं तसंच ठेवायचं, बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या किंवा त्यांचं ॲप, आणि नकाशा घरीच डाउनलोड करा, झाडीत नेटवर्क जातं.

आता गोचीड. वाघ नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, इथे जपायचं ते या तिळाएवढ्या प्राण्यापासून. काही गोचिडींमुळे लाइम डिसीज हा जिवाणूंचा आजार होतो. मार्च ते ऑक्टोबर फुल पँट घाला, पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला नीट बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढायची, तेल-तूप, काडी पेटवून चटका असले उपाय नकोत. नंतर काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा उठून पसरत गेला तर लगेच जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना, फोन करा आणि गोचीड चावली होती हे आवर्जून सांगा.

बाकी, चिखल बाराही महिने, त्यामुळे वेलिंग्टन बूट घ्याच. छोट्या जंगलांत टॉयलेट नसतं, लहान मुलं असतील तर आधीच सोय बघून निघा. दशम्या, चटणी, थर्मासमध्ये चहा न्या आणि कचरा परत आणा, शेगडी मात्र नेऊ नका. दक्षिणेकडच्या न्यू फॉरेस्ट या जंगलात तर बार्बेक्यूवर बंदीच आहे, आणि तिथली पोनी मोकळी फिरत असली तरी मालकांची असतात, त्यांना खायला घालायचं नाही. कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू आलं आणि कुत्रा दिसला नाही तर ते बहुतेक मंटजॅक असतं, आपल्या भेकराचं चिनी भावंड, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आणलेलं, आता सगळीकडे पसरलंय.

डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं, म्हणून हिवाळ्यात सकाळीच निघा. गाडी अजून घेतली नसेल तरी अडत नाही. लंडनच्या ट्यूब रेल्वेच्या सेंट्रल लाइनने लाउटनला उतरा, पंधरा-वीस मिनिटं चाललं की एपिंग फॉरेस्ट सुरू.